वाचक विचारतात : जुना लष्करी ट्रेलर आणि घरच्यांचं कॅम्पिंग

मागच्या अंकात मी आमच्या जुन्या क्वार्टर टन लष्करी ट्रेलरबद्दल थोडंसं लिहिलं होतं, की तो आम्ही घरीच दुरुस्त केला आणि आता दोन्ही मुलांना घेऊन सुट्टीत त्याच्यासोबतच बाहेर पडतो. त्यावर एवढे प्रश्न आलेत की यावेळी सगळं सदर त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : एक जुना लष्करी ट्रेलर बघून आलोय, मालक म्हणतो किरकोळ काम आहे. घ्यावा का? बघताना नेमकं काय बघायचं? आणि कुठल्या साइजचा बरा?

आधी साइज. लष्करी ट्रेलर म्हटलं की सहसा दोन प्रकार समोर येतात. एक क्वार्टर टन (हा आकडा ट्रेलरच्या वजनाचा नाही, कच्च्या रस्त्यावर भरायच्या सामानाचा), जीपच्या मागे लागणारा छोटा. दुसऱ्या महायुद्धातले बॅन्टम आणि विलीस एमबीटी, नंतर 1950 च्या दशकातला एम100 आणि त्याच्या पुढचा एम416, हे सगळे याच घरातले. दुसरा पाऊण टनाचा, म्हणजे अमेरिकन एम101 किंवा लँड रोव्हरच्या मागे लागणारा ब्रिटिश सँकी, हे चांगलेच मोठे आणि जड. चौघांच्या कुटुंबाला आणि साध्या एसयूव्हीला क्वार्टर टन पुरतो असं माझं मत आहे, मोठा घेतला की मोकळी जागा दिसते म्हणून सामान वाढतं आणि मग गाडी दमते. (जाता जाता, बॅन्टम ही तीच कंपनी जिने 1940 मध्ये जीपचा पहिला नमुना बनवून दिला, पण मोठी ऑर्डर विलीस आणि फोर्डकडे गेली आणि बॅन्टमच्या वाट्याला ट्रेलर आले. म्हणूनच ते ट्रेलर इतके मन लावून बनवलेले आहेत असं मला आपलं उगाच वाटत राहतं.)

आता बघायचं काय. वरचा डबा बघून निर्णय घेऊ नका. पत्रा चेपलेला असेल, भोकं असतील, ते सगळं होतं. खाली वाका, टॉर्च घ्या आणि एक छोटी हातोडी घ्या. चेसिसवर दर वीतभर अंतरावर हलकेच ठोकत जा. चांगलं लोखंड टण वाजतं, आतून खाल्लेलं असेल तर भद्द आवाज येतो आणि रंगाच्या खपल्या खाली पडतात. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरपाशी, ड्रॉबार (गाडीला जोडायचा पुढचा दांडा) जिथे चेसिसला मिळतो तिथे, आणि मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात चिखल वर्षानुवर्षं साठून राहतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. ड्रॉबारच्या जोडावर केसाएवढी जरी चीर दिसली, किंवा आधी कुणी जाडजूड वेल्डिंग मारून ठेवलेलं दिसलं, तर पुढे जाण्याआधी एखाद्या चांगल्या फॅब्रिकेटरला दाखवा, कारण तो जोड रस्त्यात सुटला तर मागून येणाऱ्याचं काय होईल याचा विचार करा.

मग चाक जॅकवर उचला, एक हात पाट्यावर ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. कानाला ऐकू येणार नाही इतकी खरखर हाताला पाट्यातून कळते. बेअरिंग गेलं असेल तर तळहाताखाली बारीक वाळू फिरतेय असं वाटतं. बेअरिंग गेलंय म्हणून ट्रेलर सोडून देऊ नका, ते मिळतं, बदलता येतं. पण जिथे बेअरिंग बसतं तो अ‍ॅक्सलचा भाग निळसर पडलाय किंवा झिजून खाच पडलीये का ते हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि डेटा प्लेट. मॉडेल, नंबर, वजन, सगळं त्या छोट्या पत्र्यावर असतं. ती आहे का, चेसिसवरच्या नंबराशी जुळते का, कागदावर तोच नंबर आहे का हे आधी बघा. नोंदणीचं काम अडलं की सगळी मेहनत दारात उभी राहते.

प्रश्न : घेतला! आता कुठून सुरू करू? मुलं म्हणतात आधी किचन बनवूया.

अभिनंदन. मुलांना किचनचं चित्र काढायला द्या, खरंच द्या, त्यातून चांगल्या कल्पना येतात. पण हात आधी खालच्या कामाला घाला.

आम्ही पहिल्या वर्षी नेमकं उलटं केलं होतं. डबा रंगवला, झाकण बनवलं, कप्पे बनवले, आणि बेअरिंग नुसतं वरून ग्रीस भरून ठेवलं कारण चाक छान फिरत होतं. पहिल्याच ट्रिपला थांबलो तेव्हा मुलगी म्हणाली बाबा इथून कसला तरी वास येतोय. हबला हात लावला तर चटका बसला. जुनं ग्रीस साबणासारखं घट्ट होऊन एका बाजूला बसलं होतं आणि नवीन ग्रीस रोलरपर्यंत पोचलंच नव्हतं. चाक निखळलं नाही हे नशीब, मागच्या सीटवर दोन मुलं बसलेली होती. तेव्हापासून माझा हट्ट आहे, की हब पूर्ण उघडायचं, बेअरिंग रॉकेलने किंवा सॉल्व्हंटने धुवून कोरडं करायचं, नवीन ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंग त्यावर दाबत दाबत रोलरच्या दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत भरायचं, ऑईल सील नवीन, स्प्लिट पिन नवीन. नट बसवताना चाक फिरवत फिरवत आवळायचा, मग सैल करायचा आणि पुन्हा फक्त बोटांनी टेकेल इतकाच. पान्याने गच्च आवळलं की बेअरिंग तापतं. त्यानंतर दर वर्षी एकदा उघडून बघायचं, आणि ट्रिपमध्ये प्रत्येक थांब्यावर हबला उलटा हात लावून बघायचा, कोमट ठीक, चटका बसला तर पुढे जायचं नाही.

टायर बघताना नक्षी बघून फसू नका. उभ्या ट्रेलरच्या टायरची नक्षी कोरी असते आणि रबर मेलेलं असतं. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, 0819 म्हणजे 2019 सालचा आठवा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर 2000 सालच्या आधीचा आहे, तो सरळ काढून टाका. दहा वर्षांवरचे टायर मी मुलांना घेऊन जाताना वापरत नाही, कितीही चांगले दिसले तरी.

चाकांबद्दल अजून दोन गोष्टी, आणि या दोन्ही नीट वाचा. युद्धकाळातल्या जीपची, आणि तीच चाकं वापरणाऱ्या ट्रेलरची, काही चाकं दोन भागांची असतात, मधोमध नट-बोल्टने जोडलेली, त्यांना कॉम्बॅट रिम म्हणतात. त्या नटना हात लावण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा शेवटच्या थेंबापर्यंत सोडायचीच, हवा असताना ते नट उघडले तर रिम बंदुकीच्या गोळीसारखी उडते आणि यात माणसं दगावलेली आहेत. दुसरं म्हणजे काही जुन्या ट्रेलरवर डाव्या चाकाच्या नटना उलटे आटे असतात. नट निघत नाही म्हणून पाइप लावून जोर करण्याआधी स्टडच्या टोकावर एल (लेफ्ट) हे अक्षर कोरलंय का बघा. चाकं परत बसवली की पहिल्या 80-100 किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळायचे.

प्रश्न : गंज आणि जुना हिरवा रंग काढायला ग्राइंडर मारला तर चालेल ना? मुलगा पण मदतीला येतो.

मुलाला या कामात घेऊ नका, आणि तुम्हीही लगेच ग्राइंडर मारू नका. त्या हिरव्या रंगाखाली काय आहे ते आपल्याला माहीत नसतं. जुन्या लष्करी रंगात शिसं असायचं, जुन्या प्रायमरमध्ये झिंक क्रोमेट असायचं, आणि 1980 च्या दशकापासून अमेरिकन लष्कराच्या गाड्यांवर रासायनिक हल्ल्याला टिकणारा सीएआरसी नावाचा रंग आला, त्याची धूळ आणि तापवल्यावर येणारा धूर दोन्ही फुप्फुसाला वाईट. शिशाची टेस्ट किट मिळते, आधी ती वापरा. पॉझिटिव्ह आली, किंवा रंग सीएआरसी असल्याची शंका आली, तर कोरडं घासणं बंद, जेलवाला पेंट स्ट्रिपर लावून ओलं ओलं खरवडायचं, तोंडावर साधा कापडी मास्क नाही तर पार्टिक्युलेट फिल्टरवाला रेस्पिरेटर, खाली प्लास्टिक अंथरायचं, आणि ते कपडे घरातल्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत. लहान मुलांना शिसं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त बाधतं आणि ते बापाच्या शर्टावरून घरात येतं.

जिथे रंग घट्ट धरून आहे तिथे तो काढायचीच गरज नाही. ओल्या पॉलिश पेपरने नुसता खरखरीत करून त्यावर नवीन रंग बसतो. उघड्या गंजावर वायर ब्रशने सुटं तेवढं काढून फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा, तो तांबूस थर काळपट होतो, वाळला की प्रायमर. पण हे वरवरच्या गंजाला. पत्रा पातळ होऊन आत दबत असेल तर तेवढा तुकडा कापून नवीन पत्राच लावायचा, पुट्टीने भरलेला गंज एका पावसाळ्यात परत वर येतो.

वेल्डिंगआधी जागा साफ करताना ब्रेक क्लीनरचा डबा वाचून घ्या. क्लोरीन असलेल्या क्लीनरचा ओलावा राहिला आणि त्यावर वेल्डिंग झालं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. जस्त चढवलेल्या पत्र्यावर तर वेल्डिंगआधी जस्त घासून काढायचंच.

मुलाला काय काम द्यायचं? नट-बोल्ट कुठला कुठून निघाला ते डब्यांवर लिहून ठेवणं, फोटो काढणं, वजनाची वही लिहिणं. ही कामं खरी आहेत, नुसतं गुंतवून ठेवण्यासाठी नाहीत. आमच्याकडे मुलाने काढलेल्या फोटोंवरूनच हातब्रेकची केबल परत जोडता आली.

प्रश्न : ट्रेलरच्या पुढे मोठी गोल रिंग आहे, माझ्या गाडीला मागे ट्रेलर जोडायचा बॉल आहे, मग जोडू कसा? आणि लाइट लावले तर अगदी मिणमिणते लागतात.

ती रिंग म्हणजे लुनेट, लष्करी गाडीच्या पिंटल हुकात अडकवायची, तिचं भोक बहुतेक 3 इंचाचं म्हणजे 76 मिमीचं असतं. खडबडीत रस्त्यावर हुक-रिंग बॉलपेक्षा जास्त वाकडंतिकडं सहन करते, पण डांबरी रस्त्यावर खडखड वाजते. तुम्ही बहुतेक चांगल्या रस्त्यानेच जाणार असाल तर बॉलचा कपलर लावा, पण रिंग कापू नका, बहुतेक ट्रेलरवर ती बोल्टने सुटते, काढून तेल लावून ठेवून द्या. 50 मिमीच्या कपलरला 50 मिमीचाच बॉल, जवळपासचा साइज बसतोय म्हणून चालवायचं नाही. सेफ्टी चेन दोन, ड्रॉबारखालून एकमेकींना ओलांडून. आणि ट्रेलर जोडल्यावर ड्रॉबार जमिनीला समांतर दिसला पाहिजे, नसेल तर हुकची उंची बदला.

लाइटचं कारण सोपं आहे. युद्धकाळातले ट्रेलर 6 व्होल्टचे, त्यानंतरचे 24 व्होल्टचे. 24 चा बल्ब 12 वर लावला की तो मिणमिणणारच. जुनं वायरिंग वाचवत बसू नका, सगळं काढा, नवीन वायर, एलईडी दिवे, गाडीला जो प्लग आहे तोच ट्रेलरला. अर्थिंग मात्र चेसिसवर सोडू नका, प्रत्येक दिव्यापासून वेगळी अर्थची वायर पुढच्या प्लगपर्यंत आणा. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर लुकलुकतो, पावसात लाइट जातात, असल्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा गंजलेल्या अर्थमध्येच सापडतं.

प्रश्न : रिकामा ट्रेलर उड्या मारतो, भरल्यावर मागे हेलकावे खातो. पाटे काढू का? शिवाय वरती रूफटॉप टेंट, बॅटरी, पाण्याची टाकी लावायची आहे.

हे दोन प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत, वजन. माझ्या मते या सगळ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

क्वार्टर टन ट्रेलर स्वतः साधारण 550 ते 580 पाउंड, म्हणजे 250-260 किलो. कच्च्या रस्त्यावर त्यात भरायची मर्यादा 500 पाउंड, म्हणजे 227 किलो. जुने वाले डांबरी रस्त्यावर दुप्पट घ्यायचे पण त्या आकड्यावर घरच्यांना घेऊन जाताना विसंबू नका, लोखंड जुनं झालंय. आता मांडा. रूफटॉप टेंट 60 किलो. तो धरायला लोखंडी फ्रेम 35. पाणी 60 लिटर म्हणजे 60 किलो. लिथियम बॅटरी 13 (शिशाची तेवढीच बॅटरी घेतली तर 30 च्या आसपास). किचनचा कप्पा आणि शेगडी 30. झाले 198. बिछाने, कपडे, खाणं, हत्यारं या सगळ्याला उरले 29 किलो. आमच्या चौघांचे बिछाने आणि कपडेच तेवढे भरतात.

म्हणून वही करा आणि प्रत्येक वस्तू लावण्याआधी काट्यावर ठेवा. 18 मिमी प्लायची आठ बाय चारची एक शीट 32 किलोच्या आसपास जाते, तीच 12 मिमीची 21. दणकट व्हावं म्हणून सगळं 18 मिमीमध्ये करायचा मोह होतो, पण कप्प्याला 12 पुरतं आणि कोपऱ्यात अँगल लावला की हलत नाही. पाणी निघतानाच भरून नेण्याऐवजी मुक्कामाजवळ भरता येत असेल तर तसंच करा.

हेलकाव्याचं कारण बहुतेक वेळा मागे गेलेलं वजन. किचन मागच्या दाराशी सोयीचं म्हणून सगळं तिथेच जातं आणि ड्रॉबार हलका होतो. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकवर आला पाहिजे, म्हणजे 450 किलोला किमान 45 किलो. घरातला वजनकाटा घ्या, त्यावर फळी ठेवा, ड्रॉबार गाडीला जोडताना जेवढा उंच असतो तेवढ्याच उंचीवर त्यावर टेकवा आणि बघा. कमी आलं तर पाण्याची टाकी अ‍ॅक्सलच्या थोडी पुढे सरकवा, तळाशी. आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढायची आणि हुकवरची जी मर्यादा दिलीये ती ओलांडायची नाही. साध्या क्वार्टर टनला फक्त पार्किंगचा हातब्रेक असतो, चालताना थांबवायचं काम सगळं तुमच्याच गाडीला करावं लागतं हे लक्षात ठेवा. चालताना हेलकावे सुरू झालेच तर एकदम ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग सरळ धरा आणि अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा.

पाटे? कमी करायचे म्हणून आत्ता काढू नका. ते भरलेल्या वजनासाठी बनवलेत, रिकामे उड्या मारणारच. सगळं लावून, भरून, एक ट्रिप करा. तरीही त्रास वाटला तर एकही पाटा कमी करण्याआधी सगळे सुटे करून मधला गंज घासून परत जोडा, गंजलेले पाटे एकमेकांवर सरकतच नाहीत आणि मग ट्रेलर दगडासारखा चालतो. एवढ्यानेच बहुतेक त्रास जातो.

प्रश्न : मुलांना ट्रेलरमध्येच झोपवता येईल का? गॅस सिलिंडर आत ठेवला तर चालेल?

झोपायला डब्यात नाही, झाकणावर तंबू लावून वर. आणि झोपण्याआधी पुढचा पाय खाली, मागे दोन्ही कोपऱ्यांना स्टँड, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. नुसत्या हातब्रेकवर कुणालाही वर चढू देऊ नका. मागे स्टँड नसेल आणि मुलं मागच्या कडेला गेली तर ट्रेलर मागे कलंडतो.

सिलिंडरचं मात्र अगदी निक्षून सांगतो. हे जीपचे ट्रेलर पाण्यावर तरंगावेत म्हणून बनवलेले, डबा पाणी आत येऊ नये असा बंद, म्हणूनच तळाला बूच असतात. बाहेरचं पाणी आत येत नाही तसा आतला गॅसही बाहेर जात नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर त्या डब्यात तळाला पाण्यासारखा साठून बसतो आणि बाजूलाच बॅटरीची ठिणगी असते. सिलिंडर बाहेर ड्रॉबारवर उभा, पट्ट्याने बांधलेला. शेगडी बाहेर ओढून उघड्यावर पेटवायची. तळाची बुचं मुक्कामाला काढून ठेवायची. आणि तंबूत कितीही थंडी असली तरी शेगडी किंवा कोळसा आणायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कॅनव्हास नवीन असेल तर ट्रिपआधी घरीच दोन-तीनदा भिजवून वाळवा, दोरे फुगतात आणि शिलाईची भोकं बुजतात. ओला गुंडाळावा लागला तर घरी आल्यावर त्याच दिवशी पसरा, बुरशीचे काळे डाग परत जात नाहीत.

प्रश्न : माझ्याकडे युद्धकाळातला बॅन्टम आहे, बराचसा मूळ. त्याला कॅम्पिंगसाठी कापणं बरोबर आहे का?

कापू नका एवढंच म्हणेन. वापरा जरूर, तो वापरायलाच बनला होता. झाकण, फ्रेम, कप्पे सगळं आधीच असलेल्या भोकांत बोल्टने बसवा, डब्याला एकही नवीन भोक पाडू नका, काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून ठेवा. आमच्या ट्रेलरची फ्रेम चार बोल्टवर आहे, मुलगी आणि मी ती पंधरा मिनिटांत उतरवतो आणि मग तो परत जसा होता तसा दिसतो. तुमच्या डब्याच्या मागच्या कडेवरच्या खाचा आणि ताडपत्री बांधायचे हुक मोजून मला कळवा, त्यावरून तुमची फ्रेम कुठे धरता येईल ते पुढच्या अंकात चित्र काढून देतो.